खेळ हवेतून की हातात?

पन्नाशी ओलांडलेल्या बाईने काय काय खेळावं, हे आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत पूर्वीपासून ठरलेलं आहे. नवरात्रात भोंडला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला संगीत खुर्ची आणि वर्धापनदिनाला हाउजी. एवढ्यावर भागलं नाही तर नातवंडांची वाट पाहावी. मी यातलं काहीच करत नाही. मी कॉम्प्युटरवर गेम खेळते.

गेम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंदुका येतात, म्हणून आधी खुलासा करते. माझ्या गेममध्ये एका बर्फाळ ग्रहावर एक ओसाड संशोधन केंद्र आहे आणि तिथे एक शास्त्रज्ञ बाई एकटी राहते. बंद पडलेले हीटर दुरुस्त करायचे, फुटलेले पाइप सांधायचे, काचघरात टोमॅटो वाढवायचे, तापमान नोंदवायचं. बस्स. शत्रू नाहीत, गोळीबार नाही, आणि मुख्य म्हणजे दुसरं माणूस नाही. त्या ग्रहावर कोणी बेल वाजवत नाही. कोणाला अर्धा कप चहा लागत नाही. पाइप गळतात, पण गळताना माझ्या नावाने हाका मारत नाहीत. दिवसभर नौपाड्यातल्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून आल्यावर मला तेवढंच हवं असतं. तासभर बर्फ.

आणि तेवढंच मिळत नव्हतं. कारण कॉम्प्युटर हॉलमध्ये होता. तो मुळात माझ्या मुलीचा, शिवानीचा. अ‍ॅनिमेशन शिकताना तिने हट्टाने घेतला, नोकरी लागल्यावर बंगळुरूला गेली, आणि ते धूड फ्रिजच्या धाकट्या भावासारखं हॉलच्या कोपऱ्यात राहिलं. त्याच्या मागे सोफा. सोफ्यावर सासूबाई, माझा नवरा साईनाथ, आणि संध्याकाळ झाली की शेजारच्या शालनताई. टीव्हीवर जाहिराती लागल्या की तिघांच्या माना माझ्या पडद्याकडे वळत.

"अगं, ही बाई तिथे एकटीच राहते का?" सासूबाई विचारायच्या.

"हो आई."

"घरचे कुठायत तिच्या?"

"दाखवलेले नाहीत."

"सोडून दिलं असेल," शालनताई ठामपणे सांगायच्या. "नाहीतर कोण जातंय एवढ्या थंडीत नोकरीला! टोमॅटोच खाते का नुसती?"

साईनाथने आयुष्यात गेमचं बटण दाबलेलं नाही. त्यामुळे त्याच्या सूचनांमध्ये आत्मविश्वास होता. "उजवीकडे घे. अगं, उजवीकडे! तो पाइप नाही, दुसरा. मी काय म्हणतो, आधी छपराचं बघ." आणि या सगळ्याच्या अधूनमधून, "हेमांगी, रिमोट दिसला का गं?" रिमोट त्याच्या मांडीखाली असे. मी उठून, त्याला उठवून, तो काढून देई. परत येईपर्यंत बर्फावरची बाई गारठून बेशुद्ध पडलेली असायची. मला तिचा हेवा वाटू लागला, तेव्हा मी ठरवलं की आता उपाय केला पाहिजे. बेडरूम, बंद दार, तासभर. त्या तासात मला कोणीही काहीही विचारायचं नाही. मागणी एवढीच होती.

याला दोन मार्ग होते. पहिला म्हणजे घरातल्या घरात स्ट्रीमिंग. गेम हॉलमधल्या कॉम्प्युटरवरच चालणार, पण त्याचं चित्र वायफायवरून बेडरूममधल्या जुन्या टॅबवर येणार आणि माझ्या बोटांचे हुकूम त्याच वाटेने परत जाणार. दुसरा मार्ग म्हणजे गेमचं वेगळं हातातलं यंत्र, हँडहेल्ड. पडदा, बटणं आणि अंगठ्याने फिरवायच्या दोन छोट्या दांड्या, सगळं एकाच डब्यात. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, वायफाय लागत नाही.

"मम्मा, हँडहेल्ड घे आणि विषय संपव," शिवानी फोनवर म्हणाली.

पण विषय संपवणं हा आमच्या घराचा स्वभाव नाही. साईनाथ म्हणाला, "घरात एवढं मोठं मशीन पडलंय, त्याचं काय लोणचं घालायचं? हवेतून फुकट येतंय तर घे की हवेतून." हवेतून फुकट येणाऱ्या गोष्टींवर साईनाथचा फार विश्वास आहे. शेजाऱ्यांचा वायफाय पासवर्ड बदलला होता तेव्हा तो दोन दिवस नीट जेवला नव्हता.

मीही म्हटलं, प्रयोग करू. शेवटी मी विज्ञानाची बाई.

पहिल्या संध्याकाळी मी टॅब घेऊन बेडरूममध्ये गेले, दार लावलं आणि बाईला दोन पावलं पुढे चालायला सांगितलं. बाई जागची हलली नाही. मी पुन्हा बटण दाबलं. मग तिने थोडा विचार केला आणि दोन्ही हुकूम एकदम पाळून सरळ दरीत पडली. शेवटच्या बाकावरच्या मुलांना प्रश्न विचारल्यावर ती जशी सावकाश जागी होतात, तशी ती वागत होती. मी हॉलमध्ये जाऊन पाहिलं, तिथे चित्र लोण्यासारखं सरकत होतं. म्हणजे दोष वाटेत होता. वाटेत एकच भिंत, आणि भिंतीला पाठ लावून आमचं लोखंडी कपाट.

हे कपाट माझ्या सासूबाईंच्या लग्नातलं आहे. वर आरसा, आत साड्या, साड्यांच्या मागे लोकांनी दिलेली आणि लोकांना द्यायची स्टीलची भांडी. धातूच्या पत्र्यातून रेडिओ लहरी आरपार जात नाहीत, परत फिरतात, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. मुलांचा त्यावर कधीच विश्वास बसलेला नाही. आता मी त्यांना घरी बोलावून दाखवू शकले असते.

"कपाट जरा सरकवायला हवं," मी जेवताना म्हणाले.

सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "ते नैर्ऋत्येला आहे."

"हातभरच सरकवू, आई."

"हातभर सरकलं तर नैर्ऋत्य राहील का ती?"

हा प्रश्न खरं तर भूमितीचा होता आणि मला उत्तर येत होतं. पण शालनताई तेवढ्यात वाटीभर कढी घेऊन आल्या आणि प्रश्नाचा ताबा त्यांच्याकडे गेला. "माझं ऐक, हेमांगी. कपाटाला हात नको लावू. राउटर ईशान्येला हलव. डोंबिवलीला माझ्या नणंदेकडे राउटर ईशान्येला नेला आणि पंधरवड्यात तिच्या दिराची बदली रद्द झाली."

"पण नेट सुधारलं का?"

"ते नाही विचारलं बाई."

आमच्या घरात ईशान्येला देव्हारा आहे. त्यामुळे राउटर देवांच्या शेजारी आला. एकदा तिथे आल्यावर तो नुसता राउटर राहिला नाही. धूळ बसू नये म्हणून सासूबाईंनी त्याच्यावर विणलेला रुमाल घातला, आणि रात्री समई शांत करताना त्यालाही बटण दाबून शांत करू लागल्या. मी कपाट सरकवायचा हट्ट धरला तेव्हा साईनाथ आणि वॉचमन यांनी मिळून ते ओढलं. ते हातभर सरकलं, पलंगाला टेकलं आणि तिथेच रुतलं. त्यानंतर ते पुढेही जाईना आणि मागेही. बेडरूमचं दार अर्धंच उघडू लागलं. साईनाथ आडवा होऊन आत येऊ लागला आणि मी पोट कमी करायला सांगितलं होतं त्याची आठवण त्याला रोज दोनदा होऊ लागली. नेट मात्र सुधारलं. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण घरात कोणीही मान्य केलं नाही.

आता बाई सांगितल्यावर चालू लागली. मी दार लावून घेतलं. पहिला हीटर दुरुस्तीला आला, शेवटचा स्क्रू फिरवायला घेतला आणि पडदा काळा झाला.

बाहेर आले. कॉम्प्युटर बंद. सासूबाई शेजारी उभ्या.

"आई, तुम्ही बंद केलंत?"

"कोणी नव्हतं ना समोर."

स्ट्रीमिंगवर आजवर जे काही लिहिलं गेलंय ते मी वाचलं आहे. त्यात वायफायचा वेग, पडद्याचा आकार, सगळ्याचा विचार केलेला असतो. पण समोर माणूस नसताना चालू असलेलं यंत्र मराठी घरात किती वेळ टिकतं, याचा विचार कोणीही केलेला नाही. आमच्याकडे लहानपणापासून एकच संस्कार झालाय. खोलीतून बाहेर पडताना दिवा, पंखा, बटण. स्ट्रीमिंगमध्ये तर हॉलमध्ये रिकाम्या खुर्चीसमोर पडदा झगमगत असतो. तो बंद करावासा वाटणार नाही असा हात अजून माझ्या माहेरीही नाही.

मी दुसऱ्या दिवशी फक्त पडदा बंद ठेवला आणि आतलं मशीन चालू. म्हटलं, अंधार दिसला की कोणी हात लावणार नाही. अर्ध्या तासात हॉलमधून आवाज आला. "डावीकडे काहीतरी चमकतंय बघ गं!"

सासूबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा सुरू केला होता. "बंद पडला होता, म्हणून चालू केला." चालू दिसलं की बंद आणि बंद दिसलं की चालू, हा त्यांचा नियम अत्यंत सुसंगत आहे. त्यात दोष काढायला मला जागा मिळाली नाही. त्या दिवसापासून टीव्हीवर जाहिराती लागल्या की हॉलमध्ये तिघं माझा खेळ पडद्यावर पाहत आणि भिंतीतून सूचना करत. पूर्वी निदान मला त्यांच्याकडे पाठ फिरवता येत होती. आता साईनाथ ओरडत होता, आणि अर्ध्या दारातून त्याचं निम्मंच वाक्य आत येत होतं.

इंटरनेटवाल्याने उपाय सुचवला. "मॅडम, वायफायचा नादच सोडा. केबल टाका. कॉम्प्युटर पण आतच न्या ना."

कॉम्प्युटर आत नेणं हा खरा उपाय होता. पण अर्ध्या उघडणाऱ्या दारातून तो जात नव्हता. त्याचं टेबल तर अजिबातच नाही. राहिली केबल. घरातल्या टाइल्स फोडायला साईनाथ तयार नव्हता. म्हणून केबल हॉलच्या खिडकीतून बाहेर काढायची आणि बेडरूमच्या खिडकीतून आत घ्यायची असं ठरलं. बाहेरची भिंत सोसायटीची. म्हणून सोसायटीची परवानगी.

आमचे सेक्रेटरी धनेश हे सज्जन गृहस्थ आहेत. त्यांचा स्वभाव एकच. कुठल्याही गोष्टीला ते "नाही" म्हणत नाहीत. ते "कमिटीपुढे ठेवतो" म्हणतात.

"वहिनी, कशासाठी पाहिजे वायर?"

इथे मी इंटरनेटसाठी असं म्हणायला हवं होतं. पण मला अचूक उत्तर द्यायची खोड आहे. "गेम स्ट्रीमिंगसाठी," मी म्हणाले.

"अच्छा, अच्छा. कमिटीपुढे ठेवतो."

दोन दिवसांनी लिफ्टशेजारच्या फलकावर सूचना लागली. सोसायटीतील कोणत्याही सदनिकेत गेमिंग पार्लर, क्लास अथवा तत्सम व्यवसाय चालवण्यास सक्त मनाई आहे. नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती, कारण सही होण्याआधीच सगळ्यांना माहीत होतं. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या रसिकाने मला हळूच विचारलं, "काकू, आर्यनच्या बोर्डाच्या परीक्षेनंतर सुरू करणार ना? आधी नको हं, प्लीज." दुसऱ्या एकीने लेडीज बॅच आहे का ते विचारलं. कॉलेजात स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "ऐकलं, साइड बिझनेस काढलात म्हणे." तेवीस वर्षं मी या कॉलेजात काटेकोरपणे शिकवलं, पण स्टाफरूममध्ये माझ्याबद्दल कोणी काही ऐकण्याची ही पहिलीच वेळ.

कमिटीची सभा गच्चीवरच्या खोलीत झाली. मी जाऊन उभी राहिले.

"मी पार्लर काढत नाही. मी स्वतः खेळते," मी म्हणाले.

शांतता पसरली. पार्लर काढलं असतं तर चाललं असतं, असं त्या शांततेचं एकंदर स्वरूप होतं.

"म्हणजे... तुम्ही स्वतः?" एका निवृत्त सभासदांनी विचारलं. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. फक्त एक वायर टाकायची आहे."

"प्रश्न वायरचा नाही वहिनी," धनेश म्हणाले, "प्रश्न एलिव्हेशनचा आहे. बाहेरून बिल्डिंग कशी दिसते, त्याचा. उद्या प्रत्येक जण वायरी सोडेल."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. भिंतीवर एसीचे पाइप होते, डिशच्या केबली होत्या, पावसाळ्यातल्या ताडपत्र्यांच्या दोऱ्या होत्या, आणि धनेशांच्याच बाल्कनीतून खाली लोंबणारी एक वायर होती जिला टोकच नव्हतं.

"त्या सगळ्या?"

"त्या आधीच्या आहेत."

मग ठरलं ते असं. सभासदाने स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणावा की या वायरच्या वजनाने इमारतीला धोका नाही. वायरचं वजन काढायला मला इंजिनिअरची गरज नव्हती, स्वयंपाकघरातला काटा पुरला असता. पण मी मान डोलावली आणि खाली आले. साईनाथला म्हणाले, "हँडहेल्ड घेऊ या."

"मी पहिल्यापासून तेच सांगत होतो," साईनाथ म्हणाला.

शनिवारी आम्ही माजिवड्याला एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेत्याने हसून साईनाथशी हस्तांदोलन केलं. "सर, मुलासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

तो साईनाथकडे वळला. "सर, मॅडमना मोबाइलवरच गोळ्या-चॉकलेटवाली गेम चालेल ना? हे थोडं हेवी आहे."

"नाही नाही," साईनाथ अभिमानाने म्हणाला, "तिचं बर्फाचं आहे."

मी प्रोसेसर, पडद्याचा वेग, बॅटरी आणि दांड्यांच्या जातीबद्दल चार प्रश्न विचारले. विक्रेत्याने चारही उत्तरं साईनाथला दिली आणि चारातली दोन चुकीची दिली. मी ती दुरुस्त केली. त्याने दुरुस्त केल्याबद्दल साईनाथचे आभार मानले. बिल माझ्या कार्डावर झालं. पावतीवर नाव साईनाथचं आलं.

घरी आल्यावर मी खोका उघडून यंत्र हातात घेतलं. हातात बरोब्बर मावत होतं. मी बेडरूमकडे निघाले, अर्ध्या दारात तिरकी झाले, आणि मागून आवाज आला.

"अगं, पूजा?"

आमच्या घरात नवीन वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. गाडीची झाली, वॉशिंग मशिनची झाली, मिक्सरची झाली, राउटरची तर रोजच होते. मी म्हणाले, "करा आई, लवकर करा." सासूबाई म्हणाल्या, "नैवेद्याला शिरा हवा." म्हणून मी स्वयंपाकघरात रवा भाजायला गेले. इथे चूक झाली. भाजायला घेतलेल्या रव्यापासून क्षणभरही दूर जाता येत नाही, हे मला माहीत होतं. सासूबाईंनाही माहीत होतं.

शिरा घेऊन बाहेर आले तेव्हा यंत्र पाटावर होतं. पडद्यावर गंधाचं स्वस्तिक, वर जास्वंद, फुलावरून ओघळणारं पाणी. शालनताई शेजारी ताम्हन धरून बसल्या होत्या.

"दोन डोळे आहेत बघ त्याला," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांना हळदकुंकू लावलं. छान बसलं आत."

ते डोळे नव्हते. त्या अंगठ्याने फिरवायच्या दांड्या होत्या आणि त्यांच्याभोवती एक बारीक फट असते. कुंकू त्या फटीत खरंच छान बसलं होतं. वरच्या जाळीत, जिथून आतली गरम हवा बाहेर पडते, तिथे अक्षता उभ्या राहिल्या होत्या.

मी मऊ ब्रशने जेवढं निघालं तेवढं काढलं. आणि मग आठवडाभर मी सुखी होते. कॉलेजातून यायचं, तिरकं होऊन आत जायचं, दार लावायचं. हॉलमध्ये कोणताही पडदा उजळत नव्हता, राउटर शांत झाला तरी चालत होतं. मी काचघराची काच बदलली, दोन हीटर चालू केले. साईनाथ दारावर टकटक करून विचारायचा, "आत कुठे पोचलीस?" पण दार उघडल्याशिवाय त्याला दिसत नव्हतं. आणि दार उघडण्यात कष्ट होते.

मग एका संध्याकाळी बाई चालू लागली. मी दांडीला हात लावला नव्हता. ती आपली आपण, सावकाश, डावीकडे. केंद्राच्या दारातून बाहेर, बर्फातून, एकाच दिशेने. मी तिला परत आणलं, अंगठा काढला. ती पुन्हा निघाली.

मी ते हॉलमध्ये नेऊन साईनाथला दाखवलं. ही दुसरी चूक. तिघंही पडद्यावर वाकले.

"घरी जायचं असेल तिला," सासूबाई म्हणाल्या.

"दृष्ट लागलीय," शालनताईंनी निदान केलं. "पूजेच्या दिवशी मीच म्हटलं होतं, किती गोड दिसतंय. मीठमोहऱ्या ओवाळते आत्ता."

मीठ म्हटल्यावर मी यंत्र छातीशी घट्ट धरलं. मीठ त्या फटीत गेलं असतं तर पुढची पन्नास वर्षं गंजाचा प्रयोग दाखवता आला असता.

सर्व्हिस सेंटरमध्ये गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका तरुणाने दांडीची टोपी उचलून बॅटरी मारली. आत लाल-पिवळं काहीतरी चमकलं.

"मॅडम, फॉरेन पार्टिकल आहे. वॉरंटीत नाही बसत."

"फॉरेन कसलं? कुंकू आहे ते," साईनाथ तडकला. "पंढरपूरचं आहे, घरचं!"

"सर, कंपनीसाठी फॉरेनच."

"म्हणजे पूजा केली की वॉरंटी गेली? हे खोक्यावर कुठे लिहिलंय? दाखवा मला! हिंदीत, मराठीत, कुठल्याही भाषेत दाखवा." साईनाथचा आवाज चढत गेला. रांगेतली माणसं माझ्याकडे पाहू लागली. मी यंत्र पिशवीत टाकलं आणि बाहेर येऊन रिक्षा केली.

शेवटी शिवानीच्या मैत्रिणीने डोंबिवलीचा एक पत्ता दिला. पहिला मजला, खाली झेरॉक्सचं दुकान, वर रुपाली नावाची बाई गेमची यंत्रं दुरुस्त करते. पुढच्या शनिवारी मी एकटीच गेले. साईनाथला यायचं होतं, पण सर्व्हिस सेंटरला पाठवायच्या तक्रारीचा मसुदा तो स्वतः टाइप करत होता आणि त्याचं कीबोर्डवर एकच बोट फिरतं.

रुपाली माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल. कपाळावर भिंग, समोर उघडी पडलेली यंत्रं, तोंडात पेन. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, यंत्राकडे पाहिलं. दांडीची टोपी काढली, फट मोकळी केली आणि कागदावर झटकली.

"कुंकू?"

"हो."

"आणि हे? तांदूळ?"

"अक्षता."

"बरंय. गेल्या आठवड्यात एकाने मुलाच्या मशिनवर नारळ फोडला. मशिनवर म्हणजे मशिनवर." तिने स्प्रे मारला, फुंकर घातली, एक तुकडा बदलला, सगळं परत बसवलं. मग भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "आता तिथं बसा आणि खेळा. तापल्यावर पुन्हा सरकतंय का बघायचं. तासभर तरी खेळा. आणि मला मध्ये काय विचारू नका हां, मी पण तुम्हाला विचारणार नाही. मला काम आहे."

मी बसले. खुर्चीच्या एका बाजूला बंद पडलेल्या यंत्रांचा ढीग, दुसऱ्या बाजूला टेबलपंखा. बटण दाबलं. बाई केंद्राच्या दारात उभी होती. मी अंगठा काढला. ती उभीच राहिली. बर्फ पडत होतं, पडतच राहिलं. मी तिला आत नेलं, शेवटचा हीटर उघडला, एकेक स्क्रू फिरवला. कोणी उजवीकडे म्हणालं नाही. कोणी छपराचं विचारलं नाही. शेजारी रुपाली तापलेल्या सळईने कसलीशी तार जोडत होती, तिच्या तारेतून बारीक धूर येत होता आणि मला कोणी विचारलं नाही की तो कसला वास येतोय. हीटर पेटला. काचघरातल्या टोमॅटोला पहिलं फूल आलं. घड्याळ कुठेतरी होतं, मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

फोन वाजला. साईनाथ.

"अगं, झालं का? आई विचारतेय, किती वेळ लागेल. आणि नेलकटर कुठे ठेवलंय? आणि शालनताई म्हणतायत येताना डोंबिवलीची पापडी आण. सरकतंय का अजून ते?"

मी पडद्याकडे पाहिलं. दांडीला स्पर्श नव्हता. बाई जिथे उभी केली होती तिथे, अगदी तिथेच, हातात पाना घेऊन उभी होती. इतकं स्पष्ट निरीक्षण मी प्रयोगशाळेतही क्वचित केलं असेल.

"हो," मी म्हणाले, "सरकतंय अजून."

"मग घाई करू नकोस," साईनाथ गंभीरपणे म्हणाला. "परत परत डोंबिवलीचे हेलपाटे नकोत. तिथेच बस. पूर्ण समाधान झाल्याशिवाय उठूच नकोस."

तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मी त्याचा सल्ला तंतोतंत पाळला.